दार धरणारे

अभिमन्यूला मारलं ते सहा-सात महारथींनी मिळून. शेवटचा घाव दुःशासनाच्या मुलाच्या गदेचा. संध्याकाळी संशप्तकांशी लढून छावणीत परतलेल्या अर्जुनानं हे सगळं ऐकलं आणि प्रतिज्ञा केली ती जयद्रथाविरुद्ध. अभिमन्यू जयद्रथाच्या हातून मेला नव्हता. जयद्रथानं चक्रव्यूहाचं तोंड अडवून धरलं होतं. पोरामागून आत शिरू पाहणाऱ्या भीमाला, युधिष्ठिराला, नकुल-सहदेवांना त्यानं बाहेर रोखलं आणि आत जे चाललं होतं ते चालू दिलं. उद्या सूर्य मावळायच्या आत याला मारीन, नाहीतर स्वतः अग्निप्रवेश करीन, असं बाप म्हणाला. दुःखाला मुदत घालणारी ही गोष्ट आपल्याकडचा पहिला थरारपट आहे असं मला वाटतं. बापाचा राग दार धरणाऱ्यावर जातो, हे तिच्यातलं सर्वांत मोठं शहाणपण आहे.

पुढच्या पानांत ज्या चित्रपटांची चर्चा आहे त्यांचा सांगाडा साधारण सारखा असतो. मूल कॉलेजात जातं, वसतिगृहात राहतं, थोरल्या पोरांनी आपल्याला आपलं म्हणावं यासाठी काहीबाही सोसतं आणि एका रात्री मरतं. संस्था अपघात म्हणते. मित्र म्हणतात, आम्ही झोपलो होतो. मग आई किंवा बाप एकटाच शोधाला निघतो आणि प्रेक्षक श्वास रोखून त्याच्या मागे जातो. असा चित्रपट पाहताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न धरून बसतो: मारलं कोणी? प्रस्तावनेच्या निमित्तानं मला वाचकाच्या हातात दुसरा प्रश्न द्यायचा आहे. दार कोणी धरलं होतं?

हा विषय विजयदुर्गात बसून का लिहावा, असं कोणी विचारील. किल्ला, खाडी, मासळी आणि देवगडच्या हापूसचा हा मुलूख; इथे कुठलं हॉस्टेल, कुठलं रॅगिंग? पण बारावीनंतर गावात राहणारं मूल आता विरळा. जिल्ह्यात ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन जुनंच आहे. तरी जून-जुलैत पत्र्याची ट्रंक जाऊन आलेली ती चाकांची बॅग घेऊन मुलं कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या गाडीत चढतात. मागे राहिलेला बाप पारावर अभिमानानं सांगतो, “झील इंजिनियरींगाक आसा.” त्या झिलाच्या खोलीत रात्री अकरानंतर काय चालतं हे त्याला ठाऊक नसतं, कारण घराण्यात वसतिगृहात राहिलेलं माणूसच हे पहिलं. बोटीवर गेलेल्या माणसाची काळजी कशी करायची हे या किनाऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. वारा कुठला, भरती कधी, परतायला उशीर झाला तर कोणाला हाक मारायची, सगळं ठरलेलं. हॉस्टेलच्या बाबतीत असं काहीच ठरलेलं नाही.

आणि लेकरासाठी पेटून उठणाऱ्या बापाची गोष्ट या भागाला परकी मुळीच नाही. १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ प्रदर्शित झाला आणि मराठी प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलाकार. नजर अधू होत चाललेली, पायातली ताकद उतरणीला लागलेली, आणि माधव नावाचा मुलगा एवढंच त्याचं जग. खाणीच्या धंद्यातलं काळंबेरं त्या मुलाच्या लक्षात येतं आणि त्याचा जीव जातो. पुढे बाप आयुष्यभर रंगमंचावर घेतलेली सोंगं रंगमंचाबाहेर घेतो. इथे कॉलेज नाही, रॅगिंगही नाही. पण मूल गमावलेल्या माणसाकडे सूड घ्यायला काय साधन असतं, तर त्याला आयुष्यभर जे येत होतं तेच, ही गोष्ट त्या चित्रपटानं फार नेमकी पकडली. जत्रेच्या रात्री आडदशावतार संपून आख्यान सुरू होतं तेव्हा पात्रांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. पेटी, पखवाज, झांज आणि ऐन वेळी सुचलेले संवाद यांवर रात्र उभी राहते. दुःखात सापडलेल्या आईबापांचंही तसंच होतं. काय बोलायचं, कोणापुढे, कुठल्या कागदावर, हे त्यांना कोणी लिहून दिलेलं नसतं.

आता मूळ विषयाकडे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावं घेतलेले विद्यार्थ्यांचे संघ असतात, त्या फ्रॅटर्निटी. त्यांची स्वतःची घरं असतात. सभासद व्हायचं तर नव्या मुलाला काही आठवडे उमेदवारी करावी लागते आणि त्या काळात थोरले जे करून घेतात त्याला तिथे हेझिंग म्हणतात. आपल्याकडे अक्षरं नाहीत की वेगळं घर नाही. हॉस्टेलची एक विंग, सिनिअरची खोली, ‘इंट्रो’ नावाचा प्रकार, आणि नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवून उभं राहायचं ते ‘थर्ड बटन’. वरवर दोन्ही सारखं दिसलं तरी एक फरक गोष्ट लिहिणाऱ्यानं विसरू नये. तिकडचा मुलगा आपल्या पायानं त्या घराच्या पायऱ्या चढतो. त्याला आत घ्यावं अशी त्याची इच्छा असते. म्हणून तिकडच्या आईबापांना ‘तो तिथे गेलाच का’ हा प्रश्न पोखरतो. आपल्याकडे मुलानं काहीही मागितलेलं नसतं. प्रवेश मिळाला एवढंच पुरतं. आणि इंट्रोतला पहिलाच प्रश्न, रँक किती, हा पुष्कळदा अभ्यासाविषयी नसतो. जात काढण्याची ती सोय असते. आडनाव, गाव, बोलण्यातला हेल यांवरून सुरू झालेली चेष्टा कुठे थांबते आणि अपमान कुठे सुरू होतो, याची रेषा चेष्टा करणाऱ्याला दिसत नाही. मालवणी हेल घेऊन पुण्यात शिकायला गेलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही.

या विषयावरचा पहिला मोठा भारतीय चित्रपट मराठी नाटकातून आला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण तो आज पाहतो कोण? महेश एलकुंचवारांच्या ‘होळी’वरून केतन मेहतांनी १९८४ मध्ये ‘होली’ केला. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर त्यात कोवळी पोरं आहेत. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह, श्रीराम लागू, मोहन गोखले ही मंडळी भोवती. एका दिवसाची गोष्ट. होळीची सुट्टी रद्द होते, कॉलेजातली धुसफूस वाढत जाते, आणि दिवस मावळेपर्यंत मुलांच्या रागाला एक सोपं भक्ष्य सापडतं. वर नावं कळवल्याचा ठपका असलेला त्यांच्यातलाच एक मुलगा. त्याची जी विटंबना होते तिच्यानंतर तो जिवंत राहत नाही. मेहतांचा कॅमेरा लांबलचक, न तुटणाऱ्या शॉट्समधून या पोरांबरोबर व्हरांड्यांतून, जिन्यांवरून फिरतो, त्यामुळे पाहणाऱ्याला बाहेर पडायला फट मिळत नाही. आपण त्या घोळक्यातच असतो. मला हा चित्रपट या संपूर्ण यादीतला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोणी राक्षस नाही. कंटाळलेली, चिडलेली, भविष्याची आशा नसलेली मुलं आहेत आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलेली एक संस्था आहे. पोलीस येतात ते सगळं झाल्यावर. त्या मेलेल्या मुलाचे आईबाप मात्र पडद्यावर दिसत नाहीत. त्यांना ही बातमी कोणी दिली असेल, कशी दिली असेल? ज्या थरारपटांविषयी हे पुस्तक आहे ते तिथून सुरू होतात. ‘होली’ जिथे थांबतो तिथे त्यांचा पहिला प्रसंग असतो.

‘होली’नंतर आपल्या चित्रपटांनी हा विषय गंभीरपणे फारसा हाताळला नाही. रॅगिंग विनोदात गेलं. २००३ च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये सिनिअर नव्या मुलाला घेरतात आणि तो मुलगा मुंबईचा दादा निघाल्यामुळे डाव उलटतो, थिएटरात टाळ्या. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये पहिल्याच रात्री मुलांच्या पँटी उतरवल्या जातात आणि हुशार नायक विजेच्या झटक्यानं सिनिअरला धडा शिकवतो, पुन्हा टाळ्या. दोन्ही चित्रपट मला आवडतात, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुलगा पुरेसा चलाख किंवा पुरेसा दांडगा असला की सुटतो. म्हणजे जो सुटला नाही तो कमी पडला. ‘थ्री इडियट्स’ डिसेंबर २००९ मध्ये आला. त्याच वर्षी ८ मार्चला हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सिनिअरांच्या मारहाणीनंतर मरण पावला होता. प्रेक्षकांत दोन्ही बातम्या एकत्र आठवणारं कोणी होतं का, मला सांगता येणार नाही.

याहून अस्वस्थ करणारा योग २०१९ चा. सप्टेंबरात ‘छिछोरे’ आला. त्यातला बाप हॉस्पिटलात मुलाच्या उशाशी बसून आपल्या हॉस्टेलच्या दिवसांच्या गोष्टी सांगतो, आणि त्या गोड आठवणींत रॅगिंगही सामील आहे. मुलगा वाचावा म्हणून तळमळणारा बाप आणि रॅगिंगची गंमत एकाच चित्रपटात सुखानं नांदतात. अवघ्या साडेतीन महिन्यांपूर्वी, २२ मे २०१९ ला, मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला होता.

टोपीवाला हे नाव सिंधुदुर्गात परकं नाही, मालवणच्या हायस्कुलावर ते रोज वाचलं जातं. पायल जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. वय सव्वीस. स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा, ॲट्रॉसिटीचा आणि रॅगिंगविरोधी कायद्याखालचा गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि दोष ठरवणं न्यायालयाचं काम. मला इथे बोलायचं आहे ते आईविषयी. आबेदा तडवी त्याच रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला येत असत. म्हणजे ज्या वॉर्डांतून, ज्या जिन्यांवरून लेक राबत होती तिथेच आई रुग्ण म्हणून वावरत होती. लेकीला कसं वागवलं जातं ते आपण डोळ्यांनी पाहिलं, आणि तक्रार करूनही कोणी दखल घेतली नाही, हे कुटुंबाचं म्हणणं राहिलं आहे. एखाद्या पटकथाकारानं हा प्रसंग कल्पनेनं रचला असता तर आपण म्हटलं असतं की फारच जुळवून आणलंय. आईला सगळं दिसतंय, ती दाराच्या आत आहे आणि तरी तिच्यासाठी दार बंदच आहे. त्याच वर्षी आबेदाबाई आणि हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला, दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली: उच्च शिक्षणसंस्थांतल्या जातीय भेदभावाविरुद्धची व्यवस्था नुसती कागदावर राहू नये. मुलं गमावलेल्या दोन आया, एक जळगावची, एक आंध्रातली. त्यांच्या हातात पिस्तूल नव्हतं, याचिका होती. चित्रपटवाल्यांना याचिकेत थरार दिसत नाही. मला दिसतो.

असे आईबाप आणखीही आहेत. नोव्हेंबर १९९६ मध्ये तमिळनाडूत अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला पोन नवरसू हा विद्यार्थी मारला गेला. त्याचे वडील पी. के. पोन्नुसामी हे मद्रास विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर राहिलेले गृहस्थ. ज्याच्या हाताखाली कॉलेजं चालतात त्याचंही मूल वसतिगृहात सुरक्षित नव्हतं, हे राज्याला उमगलं आणि तमिळनाडूत रॅगिंगविरोधी कायदा आला. आरोपीला सत्र न्यायालयात शिक्षा, उच्च न्यायालयात सुटका, आणि सर्वोच्च न्यायालयात शिक्षा पुन्हा कायम. हे व्हायला २०११ उजाडलं. पंधरा वर्षं. चित्रपटात एवढा काळ एका कटमध्ये जातो. अमनचे वडील राजेंद्र काचरू यांनी दुसरा मार्ग धरला. चार सिनिअरांना शिक्षा झाली, पण ते तिथे थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून, देशभरची तक्रार-यंत्रणा उभी राहावी म्हणून त्यांनी पुढची वर्षं घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे जून २००९ चे नियम आणि १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची मदतवाहिनी यांच्यामागे त्या बापाचं दुःख आहे. तो नंबर प्रवेशाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. मुलाच्या फोनमध्ये तो आधीच साठवून द्यावा, एवढं प्रस्तावनेच्या मध्येच सांगून टाकतो.

महाराष्ट्राचा कायदा याच्याही आधीचा, १९९९ चा. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १५ मे १९९९ पासून लागू आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिक्षा झाल्यास कॉलेजातून काढणं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यातल्या दोन कलमांकडे मात्र कोणी पाहत नाही. सहावं कलम म्हणतं की तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं. सातवं कलम म्हणतं की प्रमुखानं हे केलं नाही किंवा टाळलं, तर त्यानं रॅगिंगला चिथावणी दिली असं मानलं जाईल आणि रॅगिंग करणाऱ्याला जी शिक्षा तीच त्यालाही होईल. सातवं कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जयद्रथ होता की नव्हता, कोण जाणे. पण कायद्यानं अर्जुनाचीच प्रतिज्ञा मराठी मुलखात लिहून ठेवली आहे, मुदतीसकट. एवढं धारदार हत्यार पंचवीसहून जास्त वर्षं म्यानात आहे असं मला वाटतं. खुर्चीवरच्या माणसाला या कलमाखाली शिक्षा झाल्याची बातमी माझ्या वाचनात आलेली नाही.

दार धरणं ही नुसती प्रतिमा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहातून पडून पहिल्या वर्षाचा सतरा वर्षांचा मुलगा मेला. त्या रात्री पोलीस आले असताना वसतिगृहाचं फाटक आतून बंद ठेवलं गेलं, त्यांना आत येऊ दिलं नाही, असा गुन्हा वेगळा नोंदवला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या धारपूर वैद्यकीय महाविद्यालयात इंट्रोच्या नावाखाली पहिल्या वर्षाच्या मुलाला सुमारे तीन तास उभं ठेवलं. तो कोसळला आणि गेला. तीन तासांत त्या मजल्यावरून किती जण ये-जा करत असतील? अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं प्रकरणही असंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टिमथी पियात्सा हा एकोणीस वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीच्या घरात दारू पाजल्यानंतर तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात सुरक्षा कॅमेरे होते. तो कसा तळमळत होता, कोण त्याच्यावरून ओलांडून गेलं, सगळं चित्रित झालं. मदतीसाठी फोन केला गेला तो जवळजवळ बारा तासांनी. दोन दिवसांनी तो मेला. आईवडील कायदा बदलण्याच्या मागे लागले. पेनसिल्व्हेनियात त्यांच्या मुलाच्या नावाचा कायदा २०१८ मध्ये झाला, देशपातळीवरचा २०२४ च्या डिसेंबरात. हा सूर्य आणि हा जयद्रथ म्हणावं इतका उघड पुरावा त्यांच्या हाती होता. आपल्याकडच्या बहुतेक पालकांना तो मिळत नाही. त्यांना माणसांच्या तोंडून तो बाहेर काढावा लागतो. म्हणून अशा कथेचा खरा ताण मारामारीत नसतो. साक्षीला उभं राहील असा एक मुलगा सापडतो का, यात असतो. त्या मुलाचं शिक्षण अजून त्याच कॉलेजात चाललेलं असतं, परीक्षा तेच प्राध्यापक घेणार असतात, खोलीही तीच. त्याच्या आईबापांनी त्याला फोनवर सांगितलेलं असतं, तू यात पडू नको. तेही दार धरत असतात, प्रेमानं.

दुःखी पालक पडद्यावर कसा असावा, याचा धडा मला विचाराल तर ‘होली’च्याच वर्षीचा ‘सारांश’ देतो. बी. व्ही. प्रधान हा निवृत्त मराठी मुख्याध्यापक. न्यूयॉर्कमध्ये मुलगा लुटारूंच्या हातून मारला गेलाय. मुलाच्या अस्थी कस्टमच्या कचेरीत अडकल्या आहेत आणि म्हातारा त्या मागायला गेला आहे. टीव्ही, फ्रिज सोडवून न्यायला आलेल्यांच्या गर्दीत तो आपल्या मुलाची राख मागतो. महेश भट्टांनी तिथे बापाला सूड दिला नाही, मारेकरी दिला नाही, टेबलामागचा एक माणूस दिला. अनुपम खेर त्या वेळी तिशीच्या आतले होते, पण ते आवाज चढवतात तेव्हा आपल्याच शाळेतले मास्तर तुटताना दिसतात. शोक म्हणजे एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंतची चाल, हे ज्या दिग्दर्शकाला कळलं त्याच्या हातात हा विषय सुरक्षित आहे. शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनाम्याची प्रत, मुलाच्या मोबाईलचा जप्तीमेमो, हॉस्टेलच्या अनामत रकमेचा परतावा. हो, तोही. खोली रिकामी केल्याची सही बापालाच करावी लागते.

एक अवघड चित्रपट मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. निशिकांत कामत यांचा २०१५ चा ‘दृश्यम’ आपल्या शेजारच्या गोव्यात घडतो आणि त्यातली मूल गमावलेली आई आहे पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख. तिचा मुलगा मेला आहे, पण मरण्यापूर्वी त्यानं एका मुलीचं चोरून चित्रण करून तिला धमकावलं होतं. तब्बूनं ती आई अशी उभी केली आहे की तिच्या क्रौर्याचा राग येतो आणि तिच्या डोळ्यांतली वाट पाहणं सहनही होत नाही. रॅगिंगच्या कथांत ही बाजू कोणी सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याबरोबर पालकालाही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २००९ च्या नियमांपासून. ते आपल्या मुलाच्या संरक्षणासाठी असतं अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात बाप त्यात लिहून देत असतो की माझा मुलगा रॅगिंग करणार नाही, केलं तर कारवाई मान्य आहे. सायबर कॅफेत दहा-वीस रुपये देऊन, न वाचता ते भरलं जातं. गेल्या वर्षी ज्याला उभं केलं तोच यंदा उभं करतो, हे हॉस्टेलचं चक्र आहे, आणि दोन्ही वर्षी त्याचे आईबाप तेच असतात. पहिल्या वर्षी त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी कळून घ्यावंसं वाटलं नाही. आरोपीच्या घरातही एक आई भात रांधून वाट बघत असते. तिच्या दारावर मेलेल्या मुलाची आई येऊन उभी राहिली तर दोघी काय बोलतील, हा प्रसंग लिहिलेला मला अजून कुठे भेटलेला नाही.

असा चित्रपट कोणी या किनाऱ्यावर करायला घेतला तर कसा होईल, याचा मी बराच विचार केला आहे. बापाला पिस्तूल देऊ नये. तो ट्रॉलरवरचा तांडेल असावा किंवा बागायतदाराकडचा राखणदार. सहा महिने एका हंगामाच्या भरवशावर जगणारा माणूस. मुलाच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज किंवा पुढच्या वर्षाचा आंबा आधीच व्यापाऱ्याला दिलेला. मुलानं रविवारच्या फोनवर एकदा सांगायचा प्रयत्न केलेला असेल, आणि बापानं, सगळेच बाप म्हणतात तसं, “चार दिवस सोसून घे, मागाहून सगळा ठीक होता” असं म्हटलेलं असेल. त्या एका वाक्याचं ओझं घेऊन तो शहरात उतरेल. त्याला मराठी कळतं, प्रमाण मराठी बोलताना तो अडखळतो, आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर त्याला पहिले काही तास बसवून ठेवलं जातं. तिथून गोष्ट सुरू व्हावी. त्याला सातवं कलम कोणीतरी सांगावं, एखादा तरुण वकील किंवा कॉलेजातलाच शिपाई. तारखा मोजायला त्यानं शिकावं: तक्रार कधी गेली, ती कोणाच्या हाती पडली, सातवा दिवस कुठला होता. भरती-ओहोटीच्या वेळा ज्याला पंचांगाशिवाय सांगता येतात त्याला हे शिकायला वेळ लागत नाही.

पुस्तकातली चर्चा चित्रपटांच्या कालक्रमानं लावलेली आहे, पण वाचकानं तो क्रम पाळायलाच हवा असं नाही. घरात बारावीचं मूल असेल तर आधी ‘होली’ पाहावा, मुलासोबत, आणि तो संपल्यावर त्याला बोलू द्यावं. तुझ्यावर अशी वेळ आली तर काय करशील, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्या घोळक्यात तू मागच्या रांगेत उभा असतास तर काय केलं असतंस, हेही विचारावं. उत्तर लगेच येणार नाही. न आलं तरी फोन नंबर, तक्रार लेखी द्यायची सवय आणि तिची पोच मागून घ्यायचा आग्रह एवढं त्याच रात्री सांगून ठेवावं. बॅग भरायला मग वेळ कमी असतो.